शिकाऱ्यांची ओसरी, पाखरांचे पाणी

डिसेंबर अर्ध्यावर आला, पहाटेच्या वाऱ्याला धार चढली, की रायपुरातील मराठी घरांतून नाताळच्या सुटीची आखणी सुरू होते. कोणी कान्हाचे नाव काढतो, कोणी जगदलपूर-चित्रकोटचे. हौशी मंडळी थेट कोकणाची तिकिटे काढून मोकळी होतात. पश्चिमेकडे जाणाऱ्या महामार्गाने दोनशे किलोमीटरच्या आतबाहेर, पहाटे निघाले तर उशिराच्या न्याहारीला जेथे पोहोचता येते, त्या नवेगावबांधचे नाव मात्र या बोलण्यांत क्वचितच ऐकू येते. एकेकाळी याच दिवसांत, याच तलावांकडे, परवाना आणि बंदूक घेऊन साहेबलोकांचे तांडे निघत असत. आज तेथे जाणाऱ्याच्या गळ्यात दुर्बीण असते. उतरण्याची जागा पुष्कळदा तशीच असते, वेळही तीच असते. उद्देश तेवढा बदललेला आहे. हा बदल कसा घडला, त्याची गोष्ट जितकी पाखरांची आहे तितकीच माणसांचीही आहे.

दुर्ग आणि राजनांदगाव मागे पडते, बाघनदीपाशी राज्याची सीमा ओलांडली जाते आणि दुकानांच्या पाट्या हिंदीतून मराठीत येतात. बाकी काही बदलत नाही. तेच कापणी झालेले धानाचे बांध, तीच कवेलूंची घरे, गावाच्या वरच्या अंगाला पाळीआड साठवलेले तेच पाणी. छत्तीसगडी माणूस त्याला ‘तरिया’ म्हणतो, झाडीपट्टीतला माणूस लहान असेल तर ‘बोडी’ आणि मोठे असेल तर ‘तलाव’ म्हणतो. हे साम्य आकस्मिक नाही. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता या दोन्ही प्रदेशांवर होती. रतनपूरच्या गादीवर बसलेले बिंबाजी भोसले छत्तीसगडच्या स्मरणात आजही आहेत. पुढे इंग्रजी अमलातही रायपूर आणि भंडारा हे दोन्ही जिल्हे मध्य प्रांतात राहिले, आणि १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत त्यांची राजधानी एकच, म्हणजे नागपूर होती. त्यामुळे जंगलाचे कायदे एक, शिकारीचे नियम एक आणि शिकाऱ्यांच्या मुक्कामाची पद्धतही एकच होती.

देवरीचे जंगल ओलांडून कोहमाऱ्याला महामार्ग सोडावा लागतो. तेथून दक्षिणेकडे वळलेला रस्ता सागाच्या आणि मिश्र रानातून नवेगावबांधला पोहोचतो. रेल्वेने यायचे तर रायपूरहून गोंदिया आणि तेथून चंद्रपूरकडे जाणाऱ्या मार्गावरील देवळगाव स्थानक सोयीचे. या मार्गावर विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापर्यंत अरुंद मापाची गाडी धावत असे आणि तिच्यातून प्रवास केलेले लोक अजूनही तिच्या संथपणाच्या गोष्टी प्रेमाने सांगतात.

तलाव प्रथम दिसतो तेव्हा तो माणसाने बांधलेला आहे यावर विश्वास बसत नाही. चहूबाजूंनी टेकड्या, त्यांतल्या सात शिखरांना ‘सात बहिणी’ हे नाव, मध्ये पाण्यातून वर आलेली मालडोंगरी, आणि या सर्वांच्या कुशीत दूरवर पसरलेले निळे-करडे पाणी. जुन्या भंडारा गॅझेटिअरने या तलावाचे क्षेत्र सुमारे ५ चौरस मैल आणि परीघ १७ मैल असा नोंदवला आहे. अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी या माणसाने तो बांधला. टेकड्यांमधील खिंडी हेरून तेवढ्याच बुजवायच्या आणि बाकीचे काम डोंगरांवर सोपवायचे, अशी ही रचना आहे. हाती ना दुर्बीण ना नकाशा, केवळ पावसाळ्यात पाणी कोठून येते आणि कोठे जाते याचे निरीक्षण एवढ्याच भांडवलावर हे काम उभे राहिले. लोकांनी कोलू पाटलांना मरणोत्तर देवत्व दिले. कोलासुर या नावाने त्यांची पूजा होते. धरण बांधणाऱ्या अभियंत्याला देव मानणारा मुलूख दुसरीकडे सहसा आढळणार नाही.

कोहळी समाज हा तलाव बांधणारा आणि ऊस पिकवणारा समाज. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत त्यांनी व इतरांनी बांधलेले हजारो तलाव आहेत. मालगुजारी गेल्यावर सरकारी कागदांत त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ असे नाव पडले आणि बोलताना त्याचे ‘मामा तलाव’ झाले. पाणी सोडण्याच्या दाराला येथे ‘तुडुम’ म्हणतात, जादा पाणी वाहून जाण्याच्या वाटेला ‘सलंग’. हे शब्द प्रमाण मराठीच्या कोशात शोधत बसण्यापेक्षा पाळीवर उभ्या असलेल्या एखाद्या पाणकराला विचारणे अधिक फलदायी ठरते. मुद्दा असा, की हे तलाव शेतीसाठी बांधले गेले. पाखरे नंतर आली, आणि पाखरांच्या मागोमाग बंदुका आल्या.

हिवाळ्यात उत्तरेकडून येणारी बदके उथळ, पाणवनस्पतींनी भरलेले, फारसे हालचाल नसलेले पाणी शोधतात. मामा तलावांनी असे पाणी त्यांना गावोगाव उपलब्ध करून दिले. तलवार बदक, थापट्या, लालसरी, चक्रवाक ही मंडळी हिवाळ्याच्या तोंडाशी उतरू लागतात आणि फाल्गुनाच्या सुमारास परततात. अडई, हळदी-कुंकू बदक, काणूक, नकटा ही येथलीच. मध्य प्रांतातील जिल्हाधिकारी, इंजिनिअर, रेल्वेचे अधिकारी यांना हे वेळापत्रक तोंडपाठ असे. नाताळच्या आठवड्यात दौरा आणि शिकार यांची सांगड घातली जाई. सरकारी दौऱ्याचा मार्ग तलावांवरूनच का जातो, असा प्रश्न त्या काळी कोणी विचारत नसे.

त्यांच्या मुक्कामासाठी उभी राहिलेली घरे आजही वैदर्भीय आणि छत्तीसगडी जंगलांत भेटतात. एकमजली बांधणी, जाड भिंती, उतरते कवेलूंचे छप्पर आणि समोर घराच्या जवळजवळ अर्ध्या आकाराची ओसरी. कागदोपत्री ती वनविश्रामगृहे किंवा डाकबंगले. त्यांचा उपयोग तपासणीसाठी होई हे खरे, पण त्यांची जागा निवडणाऱ्याला पाणी आणि शिकार यांचा विसर पडलेला नसे. राखीव जंगलाचे शिकारीसाठी गट पाडलेले असत. परवाना काढून ठराविक मुदतीसाठी गट मिळे आणि कोणते जनावर किती मारता येईल हे त्या परवान्यावर लिहिलेले असे. जनावरांचा हिशेब असा काटेकोर होता. बदकांच्या बाबतीत हात बराच सैल सुटे.

बदकांच्या शिकारीची रीत सर्वत्र सारखीच. दिवस उजाडण्यापूर्वी बंदूकवाले पाळीवर, बेटावर किंवा लव्हाळ्यात दबा धरून बसत. गावातील ढीवर आपले डोंगे घेऊन दुसऱ्या टोकाने पाण्यात शिरत आणि आरडाओरडा करून थवा उठवीत. पाखरे उठत, घिरट्या घेत, बंदुकीच्या टप्प्यात येत. ज्यांनी थवा उठवला त्यांना मजुरी मिळे, क्वचित काही पाखरे मिळत. ओसरीवर संध्याकाळी मोजदाद होई आणि आकडा वहीत चढे.

या वह्यांतील सर्वांत कुप्रसिद्ध आकडा मात्र विदर्भातला नाही, तो राजस्थानातील भरतपूरचा आहे. तेथील महाराजांनी घना नावाच्या सखल रानात पाणी खेळवून केवळ बदकांच्या शिकारीसाठी तलाव घडवले. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या सन्मानार्थ झालेल्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पाखरे पडली. केवलादेव मंदिराजवळच्या शिलालेखांवर अशा शिकारींच्या तारखा, पाहुण्यांची नावे आणि मारलेल्या पाखरांचे आकडे कोरून ठेवलेले आहेत. राष्ट्रीय उद्यान पाहायला आलेले पर्यटक ते वाचतात आणि बराच वेळ काही बोलत नाहीत. महाराजांचे शिकारघर तेथे अजून उभे आहे. त्याचे नाव ‘शांती कुटीर’. नाव ठेवणाऱ्याच्या मनात काय होते हे कोण सांगणार!

मराठी संस्थानिकही या छंदात मागे नव्हते. ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी शिवपुरीजवळ मणियर नदीचे पाणी अडवून १९१८ साली सख्यासागर तयार केला. त्याच्या काठावरील शिकारीची खोली आणि वरच्या टेकडीवरील जॉर्ज कॅसल ही वास्तू आज माधव राष्ट्रीय उद्यानात आहेत, आणि सख्यासागराला २०२२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, म्हणजे रामसर यादीत स्थान मिळाले. आजच्या छत्तीसगडमध्ये याच छंदाची वेगळी, अधिक दुःखद खूण आहे. १९४७ साली कोरिया संस्थानच्या महाराजांनी एका रात्रीत तीन चित्ते मारले आणि भारतातील चित्त्याची ती अखेरची खात्रीशीर नोंद मानली जाते. चित्ता पुन्हा पाहण्यासाठी देशाला २०२२ पर्यंत थांबावे लागले, तोही आफ्रिकेतून आणावा लागला. बदके त्या मानाने नशीबवान ठरली.

ती वाचली याचे श्रेय ज्यांना द्यायचे, त्यांच्यात शिकाऱ्यांची संख्या लक्षणीय आहे, आणि ही बाब पुष्कळांना अडचणीची वाटते. १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आरंभीच्या सभासदांत शिकारीचा शौक असणारे कमी नव्हते. डॉ. सलीम अली यांचा पक्षिजगतातील प्रवेशही छर्ऱ्याच्या बंदुकीने झाला. लहानपणी त्यांनी पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग होता; ती कोणती, हे विचारण्यासाठी ते सोसायटीचे मिलार्ड यांच्याकडे गेले आणि परतताना निराळेच आयुष्य बरोबर घेऊन आले. पुढे भरतपूरचे पाणी शेतीसाठी वळवून तलाव कोरडे करण्याचा विचार पुढे आला, तेव्हा त्याविरुद्ध उभे राहणारेही सलीम अलीच होते. इंग्लंडमध्ये पीटर स्कॉट हा तरुणपणी बदकांचा निष्णात शिकारी. त्यानेच १९४६ साली स्लिमब्रिज येथे पाणपक्ष्यांसाठी संस्था उभारली. अमेरिकेत १९३४ पासून बदकांच्या शिकाऱ्याला दरवर्षी एक विशेष तिकीट विकत घ्यावे लागते आणि त्या पैशातून पाणपक्ष्यांच्या आश्रयस्थानांसाठी जमिनी घेतल्या जातात. बँकेच्या वाचकांना ही शेवटची व्यवस्था विशेष रुचावी: मारणाऱ्याच्या खिशातून राखणाऱ्याच्या खात्यात, तीही दरवर्षी न चुकता.

याला कारण आहे. शिकाऱ्याला पाखरू माहीत असावेच लागते. ते रात्र कोठे काढते, पहाटे कोणत्या दिशेने उठते, वारा फिरला तर कोठे उतरते, पाणी गुडघाभर असेल तर कोणते आणि छातीभर असेल तर कोणते, जखमी झाल्यावर बुडी मारून कोठे वर येते, या गोष्टी पुस्तकांतून कळत नाहीत. वर्षानुवर्षे थंडीत बसून त्या शिकाव्या लागतात. बंदूक खाली ठेवली तरी हे ज्ञान उरते. प्रश्न असतो तो एवढाच, की ते कोणाच्या हाती द्यायचे.

नवेगावबांधला या प्रश्नाचे उत्तर मिळाले, आणि म्हणूनच मराठी वाचकाच्या दृष्टीने हे गाव इतर शिकारस्थळांहून वेगळे आहे. मारुती चितमपल्ली (जन्म ५ नोव्हेंबर १९३२, सोलापूर) यांनी कोइमतूरच्या वन महाविद्यालयात शिक्षण घेतले आणि वनाधिकारी म्हणून ते नवेगावला आले. गावचे पाटील माधवराव डोंगरवार हे तलाव बांधणाऱ्या कोलू पाटलांच्या घराण्यातले. रान आणि तलाव त्यांना शिकारीच्या दिवसांपासून तळहातासारखे ठाऊक. पाटील आणि वनाधिकारी यांचे नाते महसुली दप्तरात सहसा तक्रारींचे असते. येथे ते गुरुशिष्याचे झाले. चितमपल्लींच्या लेखनात माधवराव पाटील पुन्हा पुन्हा येतात; ‘नवेगावबांधचे दिवस’ वाचलेल्या वाचकाला तर तलावाची पाळ चढताना ते बरोबर चालत असल्यासारखे वाटते.

या सहवासातून जे निर्माण झाले त्याचा आवाका नीट लक्षात घ्यायला हवा. मराठीत पाखरांना नावे होती, पण ती कोळ्यांच्या, ढीवरांच्या, पारध्यांच्या, गोंडांच्या आणि शिकाऱ्यांच्या तोंडी विखुरलेली होती. कोकणातले नाव वऱ्हाडात चालत नसे आणि झाडीपट्टीतले पुण्याला ठाऊक नसे. सुशिक्षित माणूस तर सर्वांनाच सरसकट ‘बदक’ आणि ‘बगळा’ म्हणून मोकळा होई. चितमपल्लींनी ही नावे अनेक वर्षे गोळा केली, संस्कृत ग्रंथांतील नावांशी ती ताडून पाहिली, आणि २००२ साली ‘पक्षिकोश’ प्रसिद्ध झाला. शिकारीच्या वहीत पाखरांचे आकडे असत. या कोशात त्यांची नावे आली. २००६ साली सोलापूरला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, २०२५ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जून रोजी सोलापुरातच त्यांचे निधन झाले.

नवेगावच्या उत्तरेला असलेल्या नागझिऱ्याचेही असेच. व्यंकटेश माडगूळकरांना तरुणपणी शिकारीचे वेड होते. पुढे ते बंदूक सोडून नागझिऱ्याच्या विश्रामगृहात केवळ पाहण्यासाठी येऊन राहिले आणि त्यातून ‘नागझिरा’ हे पुस्तक झाले. तेथील तलावाकाठच्या ‘नीलय’, ‘लताकुंज’, ‘मधुकुंज’ या विश्रामगृहांची नावे त्यामुळे अनेक मराठी वाचकांना ती घरे न पाहताही परिचयाची आहेत.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि ओसरीवरची मोजदाद संपली. १९७५ साली नवेगाव राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. तलावाच्या परिसराला डॉ. सलीम अली यांचे नाव मिळाले. २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. कागदावर ही वाटचाल सरळ दिसते. जमिनीवर ती तितकी सरळ नव्हती. परवाना घेऊन नाताळला येणाऱ्या शिकाऱ्याने बंदूक भिंतीवर टांगली, त्याचे फारसे काही बिघडले नाही. फासे लावून तितर-लाव्यांवर पोट भरणाऱ्या पारध्याचे आणि डोंगा वल्हवून चार पैसे मिळवणाऱ्या ढीवराचे मात्र उत्पन्न गेले, आणि त्याबद्दल त्यांना कोणी विचारले नाही. संरक्षणाच्या इतिहासात ही बाजू अनेकदा तळटीपेतही येत नाही.

भरतपूरने याची जबर किंमत मोजली. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ साली तेथे गुराढोरांच्या चराईवर बंदी आली, गावकरी आणि पोलीस समोरासमोर आले, गोळीबार झाला आणि माणसे मेली. त्यानंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने केलेल्या दीर्घ अभ्यासातून जे निष्पन्न झाले ते विचार करायला लावणारे होते: म्हशींचे चरणे थांबल्यामुळे पाण्यातील गवत बेसुमार माजले आणि पाखरांसाठी मोकळे पाणीच कमी झाले. ज्या म्हशींपासून पाखरांना वाचवायचे होते, त्या म्हशीच पाखरांच्या कामी येत होत्या.

नवेगावच्या आसपासच्या तलावांची अडचण वेगळी. १९५१ साली मालगुजारी संपुष्टात आली तेव्हा तलाव सरकारकडे गेले. गाळ काढणे, पाळ दुरुस्त करणे, तुडुमाची देखभाल ही कामे पूर्वी गाव मिळून करी. मालक बदलल्यावर त्यांचा वाली कोणी उरला नाही. तलाव उथळ झाले. काठावर बेशरम ही परदेशी झुडपे माजली, देवधान आणि कमळासारख्या मूळच्या वनस्पती हटल्या, मासे घटले, पाखरांचे खाद्य घटले. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ या संस्थेबरोबर अर्जुनी मोरगाव भागातील ढीवर मच्छीमारांनी आणि विशेषतः ढीवर स्त्रियांनी काही तलावांत उतरून बेशरम उपटली, तळ नांगरला आणि स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या. मासे परतले. पाखरेही त्यांच्या मागे आली. ज्यांच्या आजोबांनी डोंग्यातून थवे उठवले, त्यांच्या नातसुनांनी त्या थव्यांना उतरायला जागा करून दिली असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

सारसाचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. माणसाच्या उंचीचा, लाल मस्तकाचा हा क्रौंच महाराष्ट्रात आज मुख्यतः गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांतच दिसतो, आणि त्यांची एकूण संख्या पन्नासच्या आत आहे. तो घरटे बांधतो भर धानाच्या बांधीत. शेतकऱ्याने त्या जागेपुरते पीक सोडून द्यायचे, फवारणी टाळायची आणि कुत्री हाकलायची, एवढ्या तीन गोष्टींवर एकेका जोडीचा वंश अवलंबून असतो. अनेक शेतकरी हे करतात. विजेच्या तारांवर आदळून सारस मरतो तेव्हा मात्र शेतकऱ्याच्या हाती काही नसते.

नवेगावला मुक्काम केलेल्या प्रवाशाने उजाडण्यापूर्वी पाळीवर जावे. धुके असते, पाणी दिसत नाही, ऐकू येते. अडईंची शीळ प्रथम येते, मग जांभळ्या पाणकोंबड्यांची कुरकुर, मग कोठेतरी पंखांचा एकदम उठलेला सळसळाट. सूर्य सात बहिणींवर आला की चित्र उलगडू लागते. कमळांच्या पानांवरून पावले टाकणारा कमळपक्षी, बुड्या मारणारी टिबुकली, वाळलेल्या झाडावर पंख पसरून बसलेला पाणकावळा, मान तेवढी बाहेर काढून पोहणारा तिरंदाज. दूर, मालडोंगरीच्या बाजूला, काळ्या ठिपक्यांचा पट्टा दिसतो तो चांदव्यांचा. त्यात मिसळलेल्या लालसरी वेगळ्या काढायला दुर्बीण आणि धीर दोन्ही लागतात. शिकाऱ्यांच्या काळी याच वेळेला पहिली गोळी सुटत असे.

पट्टकादंब हंस विदर्भाच्या तलावांवर काही हिवाळ्यांत उतरतात. त्यांचे प्रजननस्थान मध्य आशियातील आणि तिबेटच्या पठारावरील सरोवरे. हिमालय ओलांडून ते येथवर येतात. नवेगावपासून जवळच, गोठणगावला, १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. छत्तीसगडमधील मैनपाटची वसाहत त्याहून जुनी. शेकडो कोसांवरून एकच डोंगररांग ओलांडून आलेली माणसे आणि पाखरे धानाच्या या मुलखात शेजारी झाली आहेत. फरक इतकाच, की पाखरे दर उन्हाळ्याला परत जातात.

जानेवारीत गेलेल्या प्रवाशाला पाळीवर कदाचित आणखी काही मंडळी भेटतील: हातात तक्ता, गळ्यात दुर्बीण, ओठांत पुटपुटलेले आकडे. आशियातील पाणपक्ष्यांची गणना १९८७ पासून दर जानेवारीला होते आणि भारतभरचे हौशी पक्षिमित्र त्यासाठी तलावांवर पसरतात. थव्याचा अंदाज घेण्याची त्यांची रीत पाहण्यासारखी असते. प्रथम दहा पाखरे नीट मोजायची, ती आकाशाच्या किती भागात मावतात ते डोळ्यांत भरून घ्यायचे आणि त्या मापाने सारा थवा मोजायचा. जुना शिकारी पाहत असता तर त्याने मान डोलावली असती. तोही असेच मोजत असे, फक्त थोडा अगोदर.

परतल्यावर रायपूरच्या प्रवाशाला वाटेल, की हे सारे पाहायला सीमा ओलांडण्याची गरज होती काय? ती होती, कारण नवेगावला ही गोष्ट लिहिली गेली आहे. पण तशीच एक गोष्ट घराजवळही आकार घेत आहे. बेमेतरा जिल्ह्यातील गिधवा आणि परसदा या गावांच्या तलावांवर दर हिवाळ्यात पाखरांची गर्दी होते. गावकरी ती राखतात. २०२१ साली, ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत, तेथे ‘हमर चिरई-हमर चिन्हारी’ या नावाने राज्याचा पहिला पक्षिमहोत्सव झाला. बिलासपूरजवळच्या कोपरा जलाशयाला डिसेंबर २०२५ मध्ये छत्तीसगडचे पहिले रामसर स्थळ म्हणून मान्यता मिळाली. गिधव्याला जुनी ओसरी नाही, शिलालेख नाही. पाळीवरचे झाड आणि त्याची सावली हीच बसायची जागा. रायपूरहून अंतर सुमारे सत्तर किलोमीटर. सकाळी आठच्या आत तेथे पोहोचलेले बरे, कारण ऊन चढले की बदके काठ सोडून तलावाच्या मध्यावर जातात आणि मग संध्याकाळपर्यंत जवळ येत नाहीत.